रिकाम्या टबाचे उद्योग

बाहेर उणे दहा, आजूबाजूला ढोपरभर बर्फ, आणि आपला हिरो गळ्यापर्यंत गरम पाण्यात. अमेरिकेत ऑनसाइटला जाऊन आलेल्या मंडळींच्या फोटोंमध्ये असा एक तरी फोटो असतोच. पण ते दीड हजार लिटर पाणी आलं कुठून, जाणार कुठे आणि भर थंडीत ते बदलायचं कुणी, हे फोटोत कधीच दिसत नाही. माझ्या मते या टबाचा खरा इतिहास तिथेच आहे. बसणं काय, कुणालाही जमतं. रिकामा करून परत भरणं, हे इंजिनियरिंग!

सुरुवात करू आइसलँडपासून. रेकहोल्ट नावाच्या गावी स्नोरी स्टुर्लुसॉन (११७९-१२४१) राहायचा. नॉर्वेच्या राजांचा इतिहास आणि ओडिन-थोरच्या कथा आपल्यापर्यंत पोचल्या त्यात या माणसाचा मोठा वाटा. शिवाय राजकारणी, श्रीमंत, आणि भांडखोर. त्याच्या घराजवळ उघड्यावर दगडी बांधणीचा एक गोल हौद होता. तो आजही आहे, सुमारे चार मीटर व्यासाचा. जवळच्या स्क्रिफ्ला नावाच्या झऱ्यातून दगडी पाटाने, शंभरेक मीटरवरून, गरम पाणी त्यात येतं. घरातून हौदापर्यंत यायला भुयारसुद्धा होतं. थंडीत कुडकुडत जायला नको म्हणून की शत्रूंच्या भीतीने, कोण जाणे! कारण शत्रू होतेच. नॉर्वेच्या राजा हाकोनशी बिनसलं आणि सप्टेंबर १२४१ मध्ये स्नोरीच्या एके काळच्या जावयाने, गिस्सुरने, माणसं घेऊन रात्री घर गाठलं. स्नोरीला तळघरात मारलं.

असो. मुद्दा डिझाइनचा आहे. या हौदात हीटर नाही, पंप नाही, फिल्टर नाही. एकीकडून पाणी येतं, दुसरीकडून जातं. ओघ कमी-जास्त केला की तापमान कमी-जास्त. पाणी साचूनच राहत नाही, त्यामुळे 'बदलायचं कधी' हा प्रश्नच नाही. गोठायचा प्रश्न नाही, कारण झरा सुट्टी घेत नाही.

आता सातशे वर्षं पुढे या.

इटलीतून कॅलिफोर्नियात आलेले सात जकूझी बंधू. हो, तेच जकूझी! पण यांची सुरुवात टबापासून नाही, विमानाच्या पंख्यांपासून झाली. लाकडी प्रॉपेलर बनवता बनवता त्यांनी बंद केबिनचं विमानच बनवलं. १९२१ मध्ये ते विमान मोडेस्टोजवळ कोसळलं आणि एक भाऊ, जोकोंदो, त्यात गेला. कुटुंबाने विमानाचा नाद सोडला आणि ही मंडळी विहिरीच्या पंपांकडे वळली. म्हणजे हवा ढकलायचं सोडून पाणी ढकलायला लागले. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण ज्ञान वाया गेलं नाही, फक्त डोमेन बदललं.

पुढे धाकटा भाऊ कँदिदो याच्या लहान मुलाला संधिवात झाला. हॉस्पिटलात वाहत्या गरम पाण्याचे उपचार मिळायचे, पण रोज थोडंच जाता येतं? बापाने १९४० च्या दशकात घरच्या टबात सोडता येईल असा पंप बनवला. तोच पुढे विकायला काढला. १९६८ मध्ये पुढच्या पिढीतल्या रॉय जकूझीने पंप आणि जेट टबाच्या अंगातच बसवले. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात हौशी लोक वाईनच्या जुन्या लाकडी पिंपांत गरम पाणी भरून अंगणात बसत होते. या दोन धारा एकत्र आल्या आणि आजचा अंगणातला टब जन्मला.

आणि इथेच गंमत झाली. कॅलिफोर्नियाच्या मऊ हवेत जन्मलेली ही वस्तू नंतर मिनेसोटात, कॅनडात, जिथे खरी थंडी आहे तिथे जाऊन बसली. स्नोरीचा हौद वाहता होता, हा मात्र बंद लूप. तेच पाणी गाळायचं, तापवायचं, परत फेकायचं. घाम, साबण, क्लोरिनचे अवशेष, सगळं त्यातच साठत जातं. म्हणून साधारण तीन-चार महिन्यांनी सगळं पाणी काढून टाकावंच लागतं. ऑक्टोबरात बदललं तर पुढची पाळी नेमकी जानेवारीत!

थोडा हिशोब करू. दीड हजार लिटर पाणी ५ अंशांवरून ३८ वर न्यायला साधारण ५८ युनिट वीज लागते. साडेपाच किलोवॅटच्या हीटरला साडेदहा तास, तेही झाकण बंद आणि उष्णता अजिबात वाया जात नाही असं धरून. आपला घरचा दोन किलोवॅटचा गीझर लावलात तर एकोणतीस तास. बाहेर कडक थंडी असेल तर छोट्या हीटरचं सगळं बळ गळती भरून काढण्यातच जातं.

पण खरी भीती भरलेल्या टबाची नाहीच. तो बंद पडला तरी एवढं पाणी गार व्हायला चांगला वेळ घेतं. भीती रिकाम्याची! नळी सोडून टब 'रिकामा' केला तरी पंपात, हीटरच्या नळकांड्यात आणि जेटच्या वळणांत थोडं पाणी उरतंच. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि प्लास्टिकचे सांधे उकलतात. ते कळतं कधी, तर परत भरल्यावर, खालून धार लागली की. म्हणून अनुभवी लोक दिवसातली सगळ्यात उबदार वेळ निवडतात, उरलेलं पाणी व्हॅक्यूमने ओढून काढतात, बागेची नळी घरात उबेला ठेवतात आणि भरताना फिल्टरच्या खोबणीतून भरतात, म्हणजे पंपात हवा अडकत नाही. सकाळी काढलं, दुपारी भरलं, संध्याकाळी तापायला लावलं. मध्ये चहाला वेळ नाही.

भरायचं पाणी कुठलं, हाही प्रश्न जिवावरचा असतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये हॉलंडमधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी बुडबुडे सोडणारा टब मांडलेला होता. त्यात कुणी उतरत नव्हतं, लोक नुसते शेजारून जात होते. लिजिओनेला जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि बुडबुड्यांच्या तुषारांबरोबर फुप्फुसात जातो. दीडशेहून जास्त लोक आजारी पडले, किमान ३२ दगावले. तपासात बोट त्या टबाकडे गेलं. बंद लूपमध्ये पाणी निर्जंतुक ठेवणं ही चैन नाही, हे युरोपला त्या हिवाळ्यात कळलं.

आणि काढलेलं पाणी? अंगणातल्या उतारावर सोडलंत तर सकाळी गाडी बाहेर काढायच्या रस्त्यावर आरशासारखा बर्फ. रेक्याविकमध्ये नेमकं उलटं चालतं. तिथे १९३० मध्ये शहराजवळच्या झऱ्यांचं पाणी तीन किलोमीटर पाइपने आणून एक शाळा, हॉस्पिटल आणि साठ-सत्तर घरं तापवायला सुरुवात झाली. हे झरे म्हणजे एके काळी बायका कपड्यांचे गठ्ठे घेऊन चालत जायच्या तेच. ज्या वाटेने जायच्या तिचं नाव लाउगावेगुर, म्हणजे झऱ्यांचा रस्ता, आणि आज ती शहरातली शॉपिंगची मुख्य गल्ली आहे :) घरं तापवून झालेलं पाणी तरी साधारण ३५ अंशांवर उरतं. ते शहराच्या मध्यभागात फुटपाथखालून फिरवतात, आणि वरचा बर्फ वितळतो.