अँडीनंतरचा वूडी

१९३३ साली डिस्नेच्या 'थ्री लिटल पिग्ज' या काही मिनिटांच्या रंगीत लघुपटानं अमेरिकेत एवढी गर्दी खेचली, की थिएटरवाले 'आणखी डुकरं पाठवा' म्हणून मागे लागले. वॉल्ट डिस्नेनं आग्रहाखातर पुढचे भाग काढले. १९३४मध्ये 'द बिग बॅड वूल्फ', १९३६मध्ये 'थ्री लिटल वूल्व्ज', १९३९मध्ये 'द प्रॅक्टिकल पिग'. एकालाही पहिल्याची सर आली नाही. डुकरांवर डुकरांनी मात करता येत नाही, हा धडा त्यानं घेतला. 'स्नो व्हाइट', 'पिनोकिओ', 'बँबी' यांपैकी एकाचाही पुढचा भाग त्याच्या हयातीत निघाला नाही.

पुढच्या पिढीनं ही रीत मोडली. १९७७च्या 'द रेस्क्यूअर्स'चा दुसरा भाग १९९०च्या नोव्हेंबरात थिएटरात आला, तोही 'होम अलोन' लागला त्याच दिवशी, आणि साफ पडला. पण १९९४मध्ये 'अल्लादीन'चा पुढचा भाग, 'द रिटर्न ऑफ जाफर', थिएटर टाळून थेट व्हिडिओ कॅसेटवर काढला आणि तो धडाक्यानं खपला. तिथून एक धंदाच उभा राहिला. गाजलेल्या चित्रपटाचा स्वस्तातला दुसरा भाग करायचा आणि कॅसेटवर विकायचा. 'सिंड्रेला'च्या वाट्याला तो आला, 'लेडी अँड द ट्रॅम्प'च्या आला, आणि २००६मध्ये, मूळ चित्रपटानंतर ६४ वर्षांनी, 'बँबी'च्याही आला.

मी नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मुंबईतल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत क्लीनअपला होते. लाइटबॉक्सवर ॲनिमेटरचा कागद पेगबारमध्ये अडकवायचा, त्यावर कोरा कागद ठेवायचा आणि त्याच्या दहा-बारा चाचपडत्या रेघांतून एकच नेमकी रेघ उचलायची. काम परदेशी मालिकांचं असायचं. पैसे वाचवायचे असले की सगळ्यात आधी काय जातं, हे तिथे हाताला कळलं. बाहीच्या चुण्या जातात. मग कोटाची बटणं कमी होतात. मग पात्र चालताना नुसतं डोकं हलतं आणि धड तसंच राहतं. त्यामुळे कॅसेटवरच्या त्या दुसऱ्या भागांकडे बघताना मला गोष्टीच्या आधी चुण्या दिसत नाहीत हे दिसायचं आणि वाईट वाटायचं. ज्यांनी मूळ चित्रपट जिवापाड केला होता, त्यांची मेहनत कुणीतरी फुंकून टाकतंय असं वाटायचं.

'टॉय स्टोरी २' याच रांगेत उभा होता, हे आज फार जणांना ठाऊक नसतं. नोव्हेंबर १९९५मध्ये आलेला पिक्सार स्टुडिओचा पहिला 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याचा दुसरा भाग थेट कॅसेटवरच जायचा होता. पुढे तो थिएटरसाठी करायचं ठरलं. १९९८मध्ये कुणीतरी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेनं पिक्सारच्या सर्व्हरवरून चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला. राखीव प्रतही नीट निघाली नाही. गॅलिन सुसमन ही तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करत होती आणि तिच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून स्टुडिओत आणला आणि चित्रपट वाचला. एवढं करूनही थोड्याच महिन्यांनी गोष्ट जमत नाही म्हणून दिग्दर्शक जॉन लॅसेटर आणि मंडळींनी ती जवळजवळ पहिल्यापासून लिहायला घेतली. प्रदर्शनाला उरले होते नऊ महिने. लोकांचे हात आणि मनगटं दुखावली. एक कलाकार सकाळी तान्ह्या बाळाला पाळणाघरात सोडायला निघाला आणि थकव्यानं विसरून त्याला गाडीतच ठेवून कामावर आला. बाळ बेशुद्ध सापडलं, पण वाचलं. पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एड कॅटमलनं हा प्रसंग स्वतःच्या पुस्तकात सांगितला आहे. नोव्हेंबर १९९९मध्ये आलेल्या त्या चित्रपटाचं कौतुक करताना मला हे बाळ विसरता येत नाही.

याच भागात अँडी या मुलाच्या लाडक्या खेळण्यापुढे, शेरीफ वूडीपुढे, खरा पेच आला. जपानमधल्या संग्रहालयात काचेआड अमर राहायचं, की आज ना उद्या मोठा होऊन आपल्याला सोडणाऱ्या अँडीकडे परत जायचं? तो अँडीकडे जातो. जेसी या बाहुलीला तिच्या मालकिणीनं, एमिलीनं, रस्त्याकडेला टाकून दिलेलं असतं, ते ऐकूनही जातो. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे.

मग ११ वर्षं काहीच नाही. या ११ वर्षांमागे कलेचा विचार कमी आणि करारातलं भांडण जास्त होतं. डिस्ने-पिक्सारचा १९९७चा करार पाच चित्रपटांचा होता, आणि पुढचे भाग या पाचांत धरायचे नाहीत, असं डिस्नेचं म्हणणं होतं. डिस्नेचे मायकल आयस्नर आणि पिक्सारचे स्टीव्ह जॉब्ज यांचं फाटलं, जानेवारी २००४मध्ये बोलणी तुटली. पात्रांचे हक्क डिस्नेकडे होते. त्यांनी 'सर्कल सेव्हन' नावाचा वेगळा स्टुडिओ काढून पिक्सारला वगळून तिसरा भाग लिहायला घेतला. त्यात वूडीचा बिघडलेला सोबती बझ परत मागवला जातो आणि बाकीची खेळणी त्याला सोडवायला तैवानला जातात. आयस्नर गेले, बॉब आयगर आले, जानेवारी २००६मध्ये डिस्नेनं पिक्सार ७.४ अब्ज डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं, आणि ती तैवानची गोष्ट फाइलीतच राहिली. पिक्सारनं कोरा कागद घेतला. दिग्दर्शक ली अनक्रिच, पटकथाकार मायकल आर्न्ट.

या उशिरानंच तिसरा भाग घडवला. २००३मध्ये तो आला असता, तर अँडीला कॉलेजला पाठवता आलं नसतं. २०१०च्या जूनमध्ये तो आला तेव्हा अँडी १७ वर्षांचा होता, आणि पहिला भाग लहानपणी पाहिलेली पोरंही त्याच वयाला आली होती. १९९५मध्ये अँडीला आवाज दिलेल्या जॉन मॉरिसनंच मोठ्या अँडीलाही आवाज दिला. तोही पडद्याबाहेर मोठा झाला होता.

माझा धाकटा भाऊ त्याच पोरांतला. नाशिकला आमच्या गल्लीतल्या लायब्ररीतून पहिल्या भागाची व्हीसीडी इतक्यांदा आणली होती, की मालकानं शेवटी भाडं घेणं सोडलं. तिसरा भाग पाहिला तेव्हा तो बारावी होऊन इंजिनीअरिंगला पुण्याला निघाला होता. खेळणी हातात हात धरून भट्टीकडे सरकतात तिथे तो रडला नाही. अँडी बॉनी या लहान मुलीला एकेक खेळणं ओळख करून देतो, आणि वूडीकडे तिचा हात जाताच क्षणभर त्याला मागे ओढून घेतो, तिथे रडला. ते ओढून घेणं अर्ध्या सेकंदाचं असेल. अँडीचा चेहरा बदलायच्या आधी हात बदलतो. मी आजवर पाहिलेल्या ॲनिमेशनमधली ही फार मोठी जागा आहे.

म्हणून नोव्हेंबर २०१४मध्ये चौथ्या भागाची घोषणा झाली, तेव्हा जगभर जे उमटलं ते मला समजत होतं. संपलेली गोष्ट उकरता कशाला, हा एकच सूर. चित्रपट तयार होतानाही कसोटी लागली. प्रदर्शनाची तारीख २०१७वरून २०१८ आणि मग २०१९वर गेली. लॅसेटर बाजूला झाले आणि दिग्दर्शन जॉश कूलीकडे आलं. लेखनावर असलेले रशिदा जोन्स आणि विल मॅकॉर्मॅक बाहेर पडले. स्त्रियांना आणि गोऱ्या नसलेल्या लोकांना तिथे बरोबरीचा आवाज नाही, असं त्यांनी उघड सांगितलं. मिस्टर पोटॅटो हेड या खेळण्याचा आवाज, डॉन रिकल्स, एकही ओळ ध्वनिमुद्रित करायच्या आत एप्रिल २०१७मध्ये वारले, म्हणून आधीचे चित्रपट, गेम आणि खेळणी यांच्यासाठी केलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्यांचे संवाद जुळवले.

२१ जून २०१९ला चित्रपट लागला. एक अब्ज डॉलरहून अधिक कमावले, ऑस्करही मिळालं, समीक्षक खूश. चाहते मात्र दुभंगले, आणि अजून तसेच आहेत. भाऊ आता न्यू जर्सीत असतो. त्यानं तिथून फोन करून सांगितलं, "ताई, माझ्या लेखी गोष्ट तिसऱ्यातच संपली. हा चौथा मी धरत नाही." असं म्हणणारे असंख्य आहेत आणि त्यांची तक्रार हट्टाची नाही. अँडीनं वूडीची नीट काळजी घ्यायला सांगून त्याला बॉनीच्या हाती सोपवलं होतं, आणि चौथा भाग सुरू होतो तेव्हा वूडी बॉनीच्या कपाटात धूळ खात पडलेला आहे. ज्यांनी तो निरोप स्वतःच्या घरच्या निरोपासारखा जपला, त्यांना हे वचन मोडल्यासारखं वाटणारच. त्यात बझची दशा. पहिल्या तीन भागांत स्वतःची समजूत कष्टानं कमावलेला हा गडी इथे छातीवरची बटणं दाबून आपला 'आतला आवाज' ऐकत फिरतो. जेसीला तर कामच नाही. इथे मी भावाच्या बाजूनं आहे. बझवर अन्याय झाला.

पण चौथा भाग नकोच होता, हे मला मान्य नाही, आणि याचं कारण बो पीप ही चिनीमातीची बाहुली आहे. तिसऱ्या भागाच्या गोष्टीत ती नव्हती. हरवलेल्या खेळण्यांची आठवण निघते, रेक्स तिचं नाव घेतो, वूडी अडखळतो आणि विषय पुढे जातो. ज्या त्रयीला आपण पूर्ण म्हणतो, तिनं आपल्या सर्वांत जुन्या स्त्री पात्राला एका वाक्यात निकालात काढलं होतं. चौथा भाग तिथेच परत जातो. नऊ वर्षांपूर्वीची पावसाळी रात्र. अँडीच्या बहिणीच्या, मॉलीच्या, खोलीतला दिवा दुसऱ्याला दिला जातोय, त्यासोबत बोही. गाडीखाली, पाण्यात, वूडी तिच्या खोक्याच्या कडेला हात ठेवतो. तोही त्यात चढू शकला असता. इतक्यात अँडी त्याला शोधत बाहेर येतो. बो काही बोलत नाही, वूडीची हॅट नीट करते. पावसाचं पाणी चिनीमातीवरून कसं ओघळतं आणि वूडीच्या कापडी बाहीत कसं जिरतं, हे त्या प्रसंगात वेगवेगळं दिसतं. जिथे आम्ही पैशांसाठी चुण्या पुसायचो, तिथे या लोकांनी ओल्या कापडाचं वजन दाखवलं. हा स्वस्तातला पुढचा भाग नव्हे.

नंतर बो भेटते तेव्हा ती कुणाच्याच मालकीची नसते. हात तुटला तर चिकटपट्टी लावून चालू लागते. ॲनी पॉट्सनं १९९५पासून तिला आवाज दिला, पण तिला स्वतःची वाट मिळायला २०१९ उजाडलं. स्टुडिओत तिच्या पात्रासाठी खास एक गट काम करत होता आणि ते दिसतं.

चौथ्या भागाच्या शेवटी वूडी बॉनीला सोडून बोसोबत राहतो. भावाचं म्हणणं, ज्या वूडीनं दुसऱ्या भागात संग्रहालय नाकारलं, तो मुलाला सोडून जाऊच शकत नाही. मी त्याला सांगते, त्यानं तेव्हा अँडीला निवडलं होतं, आणि अँडीनं त्याला जाऊ दिलं. बॉनीला तो लागत नव्हता. तिला लागत होता फोर्की, कचऱ्यातल्या काटाचमच्याला तिनं स्वतः हात-पाय लावलेला. वूडी त्याला जिवावर उदार होऊन तिच्यापर्यंत पोचवतो, गॅबी गॅबी या बाहुलीला स्वतःच्या पाठीतलं बोलायचं यंत्र देऊन टाकतो, शेरीफचा बिल्ला जेसीच्या छातीवर लावतो. काम पुरं करून गेला तो. तिसरा भाग अँडीचा शेवट होता. वूडीचा शेवट कुणी विचारलाच नव्हता, कारण आपण सगळे अँडी होतो.

आमचं या बाबतीत जमलेलं नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये आयगर यांनी पाचवा भाग जाहीर केला, तेव्हा भावानं मला फक्त हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. दिग्दर्शन अँड्र्यू स्टँटनकडे आहे, म्हणजे पहिल्या भागापासून लेखनात असलेल्या माणसाकडे. गोष्ट जेसीभोवती आहे आणि खेळण्यांसमोर मुलांच्या हातातला टॅब्लेट आहे. माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. बझला त्याची अक्कल परत द्या, आणि १९९९पासून एमिलीची आठवण घेऊन फिरणाऱ्या जेसीला या वेळी पुरती जागा द्या.