संध्याकाळ कोणाची? गिरणगाव, महाविद्यालये आणि मुलींचा व्हॉलीबॉल

स्त्रियांच्या व्हॉलीबॉलची पहिली जागतिक स्पर्धा १९५२ साली मॉस्को येथे झाली. तीत आठ देशांनी भाग घेतला. सोव्हिएत संघ, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, बल्गेरिया, रुमानिया, हंगेरी आणि फ्रान्स यांच्यासोबतचा आठवा देश होता भारत. आपला संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला. भारतीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, हे लक्षात घेता त्या क्रमांकात नवल नाही. नवल आहे ते अनुपस्थितांच्या यादीत. त्या आठांमध्ये जपान नव्हता. आणि त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये, स्त्रियांच्या व्हॉलीबॉलचे पहिले सुवर्णपदक जपाननेच मिळवले.

या बारा वर्षांची संगती लावू पाहणाऱ्याला परळ-लालबागच्या इतिहासाकडे वळावे लागते. हे विधान प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. पण जपानचा तो संघ बहुतांशी एका कापड गिरणीचा संघ होता. ओसाकाजवळच्या काइझुका येथील निचिबो या कंपनीच्या गिरणीत काम करणाऱ्या मुली दिवसभर नोकरी करून संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत सराव करत. १९६२ साली त्यांनी मॉस्कोत जाऊन सोव्हिएत संघाला हरवले. गिरण्या मुंबईतही होत्या, आणि गिरण्यांत स्त्रियाही होत्या. मग परळच्या एखाद्या गिरणीचा मुलींचा संघ का निर्माण झाला नाही? या प्रश्नाचे उत्तर उंचीत, आहारात किंवा तथाकथित राष्ट्रीय स्वभावात शोधण्याची आपल्याला सवय आहे. ते उत्तर बव्हंशी संध्याकाळीत सापडते, असे मला वाटते.

या खेळाचा उगमच मुळी कामानंतरच्या वेळेशी निगडित आहे. विल्यम मॉर्गन या शारीरिक शिक्षकाने १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील होल्योक येथे तो तयार केला, तो वाय.एम.सी.ए.त येणाऱ्या मध्यमवयीन व्यावसायिकांसाठी. बास्केटबॉलची धावपळ त्यांना झेपत नसे. अंगाला अंग लागत नाही, मध्ये जाळे असते, जागा थोडी लागते. याच गुणांमुळे पुढे तो मुलींसाठी ‘योग्य’ मानला गेला. भारतात तो वाय.एम.सी.ए.च्याच मार्गाने आला. १९२० साली हॅरी बक यांनी मद्रासमध्ये सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण संस्थेतून तयार झालेल्या शिक्षकांनी असे खेळ देशभर नेले. थोडक्यात, हा खेळ गल्लीतून वर आला नाही. तो संस्थेतून खाली आला. त्याला जाळे, चेंडू, मैदान आणि ठरलेली वेळ पुरवणारा कोणीतरी आश्रयदाता लागतो.

जपानमध्ये तो आश्रयदाता गिरणी झाली. तेथील कापूस कातणाऱ्या गिरण्यांत कामगारांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक स्त्रिया असत. बहुतेक अविवाहित, खेड्यांतून करारावर आणलेल्या आणि गिरणीच्याच वसतिगृहात राहणाऱ्या. त्यांच्या झोपेची, जेवणाची आणि करमणुकीचीही व्यवस्था मालकाच्या हाती होती. व्हॉलीबॉल हा त्या व्यवस्थेचा एक भाग होता. यात उदात्त असे काही शोधू नये. मुलींना गुंतवून आणि धडधाकट ठेवण्याची ती व्यवस्था होती. प्रशिक्षक दाइमात्सु यांच्या सरावाची कठोरता त्या काळातही वादाचा विषय झाली होती. विशेष म्हणजे ही जपानी गिरणीमुलगी मुंबईला अपरिचित नव्हती. १९२० च्या दशकात जपानी कापडाने बाजार व्यापला तेव्हा मुंबईच्या मालकांची मुख्य तक्रार हीच होती, की तिकडे बायका रात्रपाळीत राबवल्या जातात. जपानमध्ये ही रात्रपाळी १९२९ साली बंद झाली. मुंबईत कायद्याने ती आधीच बंद होती.

गिरणगावातील स्त्रीचे चित्र याच्या अगदी उलट होते. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे एक पंचमांश कामगार स्त्रिया होत्या. त्या मुख्यत्वे वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत. त्यांपैकी बहुतेक विवाहित किंवा विधवा असत आणि त्या वसतिगृहात नव्हे, चाळीत राहत. पाळी सुटली की त्यांची दुसरी पाळी सुरू होई : पाणी, चूल, मुले. अनेक बायका गावाहून एकट्या आलेल्या पुरुषांना जेवू घालणारी खानावळ घरातच चालवत. या खानावळवाल्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले, तेव्हा कुठे त्या श्रमाला नाव मिळाले. पुढे पाळ्या वाढल्या, यंत्रे बदलली, आणि रात्री काम करू न शकणारी स्त्री मालकाला गैरसोयीची ठरली. स्त्रियांचे प्रमाण घटतच गेले. म्हणजे ज्या वर्षांत काइझुकाची गिरणी मुलींचा संघ उभारत होती, त्याच वर्षांत परळची गिरणी स्त्रियांना बाहेर ढकलत होती.

गिरणगावात मनोरंजनाची वाण होती असे नाही. व्यायामशाळा, भजनी मंडळे, नाटके, तमाशे, कबड्डीचे संघ या सर्वांनी तेथील संध्याकाळ गजबजलेली असे. मात्र ती पुरुषाची संध्याकाळ होती. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा राहिला, केंद्रे उघडली, त्यांतही स्त्रियांच्या वाट्याला प्रामुख्याने शिवणवर्ग आणि शिशुवर्ग आले. फुरसतीतही तिने उपयुक्त काहीतरी करावे, ही अपेक्षा त्यामागे होती. साहित्याच्या अभ्यासकांनी येथे थोडे थांबावे. गिरणगावाच्या साहित्यात कष्ट करणारी, मोर्च्यात चालणारी, सोसणारी स्त्री भेटते. खेळणारी स्त्री जवळपास भेटत नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मध्ये संपानंतरच्या कुटुंबाची घुसमट एका खोलीत कोंडलेली आहे. त्या खोलीतल्या बाईला दाराबाहेर विनाकारण घालवण्यासाठी तासभर असेल, ही कल्पनाच आपल्या वाचनाला सुचत नाही. अनुपस्थिती हादेखील एक दस्तऐवज असतो.

याला एक ठळक अपवाद आहे, तो कबड्डी आणि खो-खोचा. ‘शिवशक्ती’सारखे मुलींचे कबड्डी संघ मुंबईने घडवले. पण कबड्डीला आश्रयदाता म्हणून मंडळ पुरते. वस्तीतलीच माणसे, वस्तीतलेच मैदान, आणि मुलगी कोणाची हे सगळ्यांना ठाऊक. व्हॉलीबॉलचे तसे नाही. तो मुलीला वस्तीबाहेरच्या संस्थेत नेतो, आणि मध्य मुंबईत ती संस्था म्हणजे महाविद्यालय.

मुंबई विद्यापीठाने १८८३ साली पदवीची दारे स्त्रियांना उघडली. महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९३६ मध्ये पुण्याहून मुंबईत आले. माटुंग्याचे रुईया १९३७ मध्ये आणि दादरचे कीर्ती १९५४ मध्ये सुरू झाले. परळमध्येही महाविद्यालय आले, आणि गिरणी कामगारांच्या घरातील पहिल्या पिढीच्या पदवीधर मुली तयार होऊ लागल्या. गिरणीने आईला जी संध्याकाळ दिली नाही ती महाविद्यालय मुलीला देऊ शकले असते.

ती कितपत मिळाली, हे आंतरमहाविद्यालयीन हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारी कळते. जूनमध्ये महाविद्यालये उघडतात तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो. उघड्या मैदानावर चिखल, बंदिस्त सभागृह दुर्मीळ. सराव कसाबसा उरकतो. सामने बहुधा बाद पद्धतीने होतात, त्यामुळे निम्म्या संघांसाठी पहिला सामना हाच शेवटचा ठरतो. चार-पाच वाजता सामना संपतो, आणि अंधार पडण्याआधी लोकल पकडण्याची घाई सुरू होते. वर्षभर वाट पाहून मुलीच्या हाती येते ती एक दुपार.

अमेरिकेत हाच आश्रयदाता वेगळ्या रीतीने वागला, कारण त्याला वागावे लागले. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करण्यास मनाई केली, आणि खेळाची संधीही त्या कक्षेत आली. ३० ऑगस्ट २०२३ रोजी, हंगामाच्या सुरुवातीसच, नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना पाहायला ९२,००३ प्रेक्षक जमले. ही गर्दी उत्साहातून आपोआप उपजलेली नाही. तिच्यामागे अर्धशतकाची कायदेशीर सक्ती आहे. आपल्याकडे गुणी मुलीला उशिरा का होईना हात देते ती रेल्वे, नोकरीच्या रूपाने. राष्ट्रीय स्पर्धांतील रेल्वेच्या महिला संघाचे वर्चस्व हे आपल्या महाविद्यालयांच्या उणिवेचेही मोजमाप आहे.

प्रश्न अखेर जागेचाही आहे. व्हॉलीबॉलचे मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद, म्हणजे १६२ चौरस मीटर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या आणि सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या नियमानुसार तिचा साधारण एक तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी मिळणार होता. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरता आक्रसला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. त्या जमिनीवर आज मनोरे आणि मॉल उभे आहेत. त्या निर्णयांवर झालेल्या चर्चेत घरे होती, रोजगार होता, हवा होती, आणि ते रास्तच होते. मात्र दिवे लावलेले, रात्री आठपर्यंत उघडे राहणारे, मुलींना निर्धास्तपणे वापरता येईल असे मैदान ही मागणी त्यात कोणी ठळकपणे मांडलेली दिसत नाही.

काइझुकाच्या मुलींना संध्याकाळ मिळाली ती मालकाच्या हिशेबाने, नेब्रास्काच्या मुलींना कायद्याने. परळच्या मुलीला ती मिळवायची तर बाद सामन्यांऐवजी साखळी सामने, पावसात छप्पर, आणि परतीच्या प्रवासाची हमी एवढ्या साध्या गोष्टींपासून सुरुवात करता येईल. हे काम विद्यापीठाचे आणि महापालिकेचे आहे. मुलींच्या जिद्दीच्या कहाण्या सांगून ते टाळता येणार नाही.