धूम्रपान व तंबाखूसेवनाचे दुष्परिणाम : सातारा-सांगली

सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असून त्यांतील सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. निकोटिन व्यसन लावते, कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, डांबर फुप्फुसात साचते. त्यातून फुप्फुस व स्वरयंत्राचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि जुनाट दमा-खोकला उद्भवतो. विडीत तंबाखू कमी असते. पण ती विझू नये म्हणून झुरके वारंवार ओढावे लागतात. तेव्हा ‘सिगारेटपेक्षा विडी बरी’ हा समज खोटाच.

सातारा-सांगलीच्या खेड्यांत मात्र धुराइतकीच मशेरी घातक ठरते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांना घासायची. दात घासण्याच्या निमित्ताने जडलेली ही सवय पुढे दिवसातून अनेकदा चालते, विशेषतः स्त्रियांत. गरोदरपणी ती बाळाचे वजन घटवते. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, पण मशेरी घरच्या चुलीवरच तयार होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. ओढणारे अवघे ३.८ टक्के. बाकीचे ती तोंडात धरत, आणि अशा तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. सांगली जिल्ह्यातील तासगावचे आमदार व माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे फेब्रुवारी २०१५ मध्ये याच कर्करोगाने निधन झाले.