तेलाचा थेंब कोणाच्या भरवशावर? घाट, खाडी आणि टू-स्ट्रोक इंजिनाचा इतिहास

१/ महाड आणि पोलादपूर ही घाटांच्या पायथ्याची गावे. भोरकडून वरंध घाट महाडकडे उतरतो, महाबळेश्वरहून आंबेनळी घाट पोलादपुरात येतो आणि पोलादपूर सोडताच खेडच्या वाटेवर कशेडी घाट लागतो. सावित्री नदी हाच प्रदेश ओलांडून बाणकोटच्या खाडीला मिळते. घाट आणि खाडी, दोन्हीकडे एका लहानशा इंजिनाने मोठा काळ गाजवला. त्या इंजिनातील तेलाची ही कथा.

२/ फोर-स्ट्रोक इंजिनात तेल तळाशी साठते आणि पुन्हा पुन्हा फिरते. टू-स्ट्रोकमध्ये ती सोय नाही. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने १८९१ च्या सुमारास साकारलेल्या रचनेत पेट्रोल-हवेचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्येच शिरते आणि तेथून सिलिंडरकडे ढकलले जाते. तेलाची जागाच इंधनाने व्यापली. त्यामुळे तेल बाहेरून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि काम संपले की ते जळून जाते.

३/ हा थेंब कोणी द्यायचा? आरंभीच्या काही यंत्रांत स्वतंत्र ठिबक-नळी असे. पुढे सोपा उपाय रूढ झाला : तेल पेट्रोलमध्येच मिसळावे. जुन्या काळी १६ भाग पेट्रोलला १ भाग तेल लागे. तेल सुधारले तसे प्रमाण ५० ला १ पर्यंत उतरले, म्हणजे लिटरमागे २० मिली.

४/ महाराष्ट्राला हे प्रमाण तोंडपाठ होते. १९७२ मध्ये आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून ‘चेतक’ आली; त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकची ‘लुना’ आली. दोन्ही टू-स्ट्रोक. ‘ऑइल किती टाकू?’ हा पेट्रोलपंपावरचा प्रश्न एका पिढीच्या कानात आजही घुमतो. येथे तेलाची जबाबदारी माणसाची होती.

५/ या पद्धतीची खरी परीक्षा घाटात होई. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर. पोलादपूर जवळजवळ कोकणपट्टीच्या पातळीवर. एवढ्या उतारावर चालक ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये ठेवतो. इंजिन वेगाने फिरते; पण पेट्रोल बंद, म्हणून तेलही जवळपास बंद. पिस्टन तापून सिलिंडरला चिकटण्याचा धोका, म्हणजेच ‘इंजिन सीझ होणे’. स्वीडनच्या साब कंपनीने याच भीतीपोटी आपल्या टू-स्ट्रोक मोटारींना फ्री-व्हील दिले होते : उतारावर चाके इंजिनाला ओढत नसत. स्कूटरवाल्याकडे मात्र एकच उपाय, अधूनमधून क्लच दाबून थोडे ॲक्सिलरेटर देणे.

६/ यामाहाने १९६४ मध्ये ‘ऑटोल्यूब’ पद्धत बाजारात आणली. तेलाची टाकी वेगळी आणि इंजिनाच्या बळावर चालणारा छोटा पंप. इंजिनाची गती आणि ॲक्सिलरेटरची तार यांनुसार तो तेल कमी-अधिक सोडतो. बंद ॲक्सिलरेटरवरही थोडे तेल पोहोचते. मंद गतीत धूर कमी होतो. १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सच्या सहकार्याने भारतात आलेल्या ‘आरएक्स १००’ मध्ये ही सोय होती.

७/ आणि तरीही अनेकांनी हा पंप बंद करून पुन्हा पेट्रोलमध्येच तेल मिसळणे पसंत केले. कारण सरळ होते. नळीत हवा अडकली, तार सैल पडली किंवा टाकी रिकामी झाली, तरी इंजिन काही काळ निमूट चालत राहते. चूक कळते ती सिलिंडर खराब झाल्यावर. हाताने मिसळलेले तेल डोळ्यांना दिसते.

८/ हाच वाद पाण्यावरही गेला. क्लेटन जेकबसन यांच्या कल्पनेवरून कावासाकीने १९७३ च्या सुमारास ‘जेट स्की’ विकायला काढली. हे कंपनीचे नाव पुढे अशा सर्वच वाहनांना चिकटले. ती यंत्रे टू-स्ट्रोक, मिश्र इंधनावर चालणारी. नंतर अनेक मॉडेलांत तेल-पंप आला आणि खाऱ्या पाण्यात वावरणाऱ्या मालकांनी तो काढायला सुरुवात केली.

९/ कृती अशी : आधी टाकीतील साधे पेट्रोल काढून इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणात मिश्रण भरायचे. ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचल्यावरच पंप उतरवायचा. पंपाची जागा झाकणपट्टीने आणि तेलाच्या तोट्या बुचांनी घट्ट बंद करायच्या. फट राहिली तर जादा हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. शेवटी कार्ब्युरेटरची जुळणी तपासायची, कारण तेल मिसळल्याने पेट्रोलचा भाग किंचित घटतो.

१०/ एक सापळा मात्र आहे. सी-डू वाहनांतील रोटरी व्हॉल्व्ह असलेल्या रोटॅक्स इंजिनांत तीच तेलाची टाकी व्हॉल्व्हच्या गिअरनाही तेल पुरवते. पंप काढला तरी ती टाकी आणि ती नळी ठेवावीच लागते. ‘पंपाचे सगळे काढून टाका’ हा सल्ला येथे इंजिनाचा घात करतो.

११/ तिसरा मार्ग शासनाने दाखवला. सुटे तेल बेताल ओतल्याने धूर वाढे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै १९९८ च्या आदेशाने दिल्लीत त्या वर्षअखेरीपासून सुट्या तेलाची विक्री थांबवून टू-स्ट्रोक वाहनांना पंपावरच तयार मिश्रण देणे बंधनकारक झाले. माप चालकाच्या हातून पंपचालकाकडे गेले. पाण्यावर अमेरिकेच्या १९९६ च्या प्रदूषण-नियमांनी साध्या टू-स्ट्रोकचा अंत जवळ आणला. २००२ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या फोर-स्ट्रोक जेट स्की आल्या.

१२/ मग आज हे कशाला आठवायचे? २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले आणि रस्त्यांवरून होड्या फिरल्या. अशा वेळी हाती येईल ते इंजिन कोणीही चालवतो. पंप काढलेले यंत्र बाहेरून पूर्वीसारखेच दिसते. त्यात कोणी सद्‌हेतूने साधे पेट्रोल ओतले, तर ते भर प्रवाहात बंद पडेल. पंपाला जे काम ठाऊक होते, ते आता माणसाला ठाऊक असावे लागते. म्हणून टाकीच्या झाकणावर ठळक अक्षरांत ‘मिश्र इंधन, ५० ला १’ (किंवा जे प्रमाण असेल ते) लिहिणे हा या बदलाचाच भाग समजावा.

१३/ घरी जुनी चेतक, लुना किंवा आरएक्स असेल, तर थोरामोठ्यांना विचारा : घाट उतरताना ते काय करीत? उत्तरे खाली नोंदवा. यंत्राच्या इतिहासातील हा भाग वापरणाऱ्यांच्या आठवणींतच टिकून आहे.