राजा गेला, सावकार गेला. पण मनातली मालकी गेली का?



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची ही स्मरणिका घराघरात जाणार, म्हणून आम्ही या निमित्ताने एका जुन्याच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधत आहोत. जिथे पिढ्यान्‌पिढ्या सत्ता मूठभरांच्या हाती राहिली, तिथे लोकशाही रुजायला एवढा त्रास का होतो? याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या पालघर जिल्ह्याच्या मातीतच ते पुरलेले आहे.

आज आपला जिल्हा म्हणजे आठ तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून तो वेगळा झाला. पण ऐंशी वर्षांपूर्वी इथे दोन प्रकारचे राज्य चालत होते. जव्हारला मुकणे घराण्याचे संस्थान होते. तिथे राजाचा शब्द हाच कायदा. डहाणू, उंबरगाव या भागात म्हणायला इंग्रजांचा कायदा होता, पण खरे राज्य जमीनदार-सावकारांचे. आदिवासींची जमीन कर्जापायी सावकाराकडे गेली आणि त्याच जमिनीवर ते वेठबिगार झाले. लग्नासाठी चार पैसे उसने घेतले तर नवरा-बायको दोघेही मालकाच्या घरी राबायचे. त्याला लग्नगडी म्हणत. मालक, न्यायाधीश आणि सरकार, तिन्ही एकच माणूस! अशा ठिकाणी मत कोणाला विचारायचे आणि कोणी द्यायचे?

तरीही माणसं उठली. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरात 'चले जाव'च्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. पुढे २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारली बांधवांची परिषद भरली. कॉम्रेड शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगार बंद करण्याचा निर्धार केला. पाचशे पौंड गवत कापल्याबद्दल अडीच रुपये मजुरी द्या, एवढीच पुढची मागणी. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. पण वेठ पुन्हा मानेवर बसली नाही. आम्हाला वाटते, या भागात लोकशाहीचा पहिला धडा मतपेटीने नव्हे, तर 'नाही' म्हणण्याच्या हिमतीने दिला.

आपल्या समाजाचे तरी वेगळे काय होते? महारकीचे वतन म्हणजे गावाची चोवीस तासांची चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविषयी बिल मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तीस वर्षे! कायदेमंडळात आपला माणूस असूनही एवढा काळ गेला, कारण सत्तेची मुळं कागदापेक्षा खोल असतात.

१९४८ साली जव्हार संस्थान विलीन झाले. राजा गेला. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी देशाला सावध केले. राजकारणात एका माणसाला एक मत मिळेल, पण समाजात आणि पोटापाण्यात विषमता तशीच राहिली, तर तिचे चटके बसलेले लोकच ही लोकशाही उधळून लावतील, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. दुसरा इशारा व्यक्तिपूजेचा. कितीही थोर माणूस असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा हा इशारा खरा ठरला. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी सत्ता बदलली, म्हणून निभावले.

काही जण म्हणतील, आपण बौद्ध आहोत, समता आपल्या धम्मातच आहे, मग काळजी कसली? तर ब्रह्मदेशाकडे पाहा. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब ज्या रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तो देश बौद्धांचाच. पण १९६२ साली तिथे लष्कराने सत्ता बळकावली. १९९० ची निवडणूक लोकांनी जिंकली, तरी सत्ता मिळाली नाही. २००८ च्या घटनेने संसदेतल्या चौथा हिस्सा जागा लष्करालाच राखून दिल्या, आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी निवडून आलेले सरकार पुन्हा उलथवले. गावोगाव पॅगोडे असले म्हणजे लोकशाही येतेच असे नाही. बंदूक आणि तिजोरी कोणाच्या हाती आहे, हे पाहावेच लागते.

तथागतांनी मात्र रस्ता दाखवून ठेवला आहे. अजातशत्रूचा मंत्री वस्सकार वज्जींना जिंकण्याचा सल्ला विचारायला आला, तेव्हा भगवंतांनी आनंदाला विचारले, वज्जी वारंवार एकत्र जमतात ना? एकजुटीने बसतात, एकजुटीने उठतात ना? तोवर त्यांचा ऱ्हास होणार नाही. पुढे आपसात फूट पडली आणि वैशालीचे गणराज्य बुडाले. भिक्खू संघातही ठराव मांडायचा, तो तीनदा ऐकवायचा, वाद मिटला नाही तर शलाका घेऊन मतदान करायचे, अशी रीत होती. बाबासाहेबांनी घटना समितीत याची आठवण मुद्दाम करून दिली. भगवंतांनी आपल्यामागे गादीवर कोणाला बसवले नाही. धम्म आणि विनय हेच शास्ता, असे सांगितले.

आता स्वतःकडे वळू. बोईसर-तारापूरला एमआयडीसी आली, १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, आणि कुठून कुठून माणसं पोटासाठी इथे आली. पाळीच्या नोकऱ्या, भाड्याच्या खोल्या. सभेला यायला वेळ नाही, हे आम्हालाही कळते. पण ग्रामसभा रिकामी राहिली की चार जण गावाचे निर्णय घेतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासी गावांच्या ग्रामसभेला मोठे अधिकार दिले. ते वापरायला माणसं बसली नाहीत तर अधिकार कपाटातच राहणार. मत पाचशे रुपयांना विकले तर पाच वर्षांची वेठ आपण आपल्या हाताने लिहून देतो.

आणि विहाराचे काय? वार्षिक सभेला मोजकीच डोकी, हिशेब वाचून झाला की टाळ्या, कमिटीत तीच तीच नावे. महिला बुद्धवंदनेला पुढे, पण ठरावाच्या वेळी मागच्या सतरंजीवर. यात आमचीही चूक आहे, ती आम्ही कबूल करतो. ज्यांना आपल्या पन्नास घरांत लोकशाही जमत नाही, त्यांनी दिल्लीला नावे ठेवू नयेत.

म्हणून यंदाच्या वार्षिक सभेला घरटी दोघांनी यावे. त्यातली एक बाई असावी. हिशेब विचारावा, नवी नावे सुचवावीत, पटले नाही तर तोंडावर सांगावे. तलवाड्याच्या माणसांनी यापेक्षा फार मोठी किंमत मोजली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!