रानगवताने तारलेला ऊस

जगभरात साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उसात आज एका रानटी गवताचा अंश आहे. या गवताचे शास्त्रीय नाव सॅकरम स्पाँटेनियम. उत्तर हिंदुस्थानात त्याला कांस म्हणतात. नदीच्या पात्रात, बांधावर, पडीक रानात ते आपोआप वाढते, पावसाळा सरताना त्याला पांढरे रेशमी तुरे येतात, आणि शेतात एकदा शिरले की नांगर मोडला तरी हटत नाही. त्याच्या बारीक कांड्यात साखर नावापुरती असते. मात्र त्याची मुळे खोल जातात, फुटवे भरपूर येतात, आणि दुष्काळ, पाणथळ, खारवट जमीन, कडाक्याची थंडी, बुरशीचे रोग हे सारे ते सोसते. गोड उसाला हा काटकपणा देण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत जावा बेटावर आणि कोईमतूरला झाले. महाराष्ट्राचे साखर कारखाने पुढे या कामावरच उभे राहिले.

जुन्या काळचा गोड ऊस न्यू गिनीच्या बाजूचा. तिथल्या लोकांनी हजारो वर्षे निवड करत चघळण्यासाठी जाड, मऊ आणि रसाळ ऊस घडवला. वनस्पतिशास्त्रात त्याला सॅकरम ऑफिसिनेरम म्हणतात. उत्तर हिंदुस्थानचा देशी ऊस वेगळा होता: बोटाएवढा बारीक, कडक सालीचा, कमी उत्पन्नाचा, पण थंडी सोसणारा. दख्खनमध्ये पुंड्या ऊस होता. जाड, पिवळसर, दाताने सोलता येईल इतका मऊ. गुळाला तो उत्तम, पण त्याला पाणी आणि खत दोन्ही भरपूर लागे, आणि कोल्ह्या-डुकरांचा त्याच्यावर विशेष लोभ असे.

उसाची लागण बियाण्याने होत नाही. कांडीवरचा डोळा फुटतो आणि त्याचा नवा ऊस होतो. त्यामुळे एका वाणाची सारी शेते म्हणजे एकाच रोपाचा विस्तार असतो. चांगला गुण यातून जसाच्या तसा पुढे जातो आणि दुबळेपणाही तसाच जातो. १८८० नंतर जावात सेरेह नावाचा रोग आला. ऊस खुरटून गवताच्या थोंबासारखा होऊ लागला. डच मळेवाले बेणे डोंगरावरच्या थंड हवेत वाढवून खाली आणू लागले. खर्च वाढला, रोग काही गेला नाही. शतक संपता संपता गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात, आंध्र किनाऱ्यावर, लाल कुजीने उभा ऊस आतून सडवला. मद्रास सरकारने १९०२ मध्ये सामलकोट येथे ऊस संशोधनाचे शेत काढले ते याच संकटामुळे. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स आल्फ्रेड बार्बर यांना उसाचा नाद तिथे लागला.

उसाला बी धरत नाही, असे तोपर्यंत बहुतेक मळेवाले धरून चालत. तुरा येतो, पण तो वांझ, ही समजूत पक्की होती. १८८८ च्या सुमारास जावात सोल्टवेडेल यांनी आणि वेस्ट इंडीजमधल्या बार्बेडोस बेटावर हॅरिसन आणि बोव्हेल यांनी, एकमेकांच्या कामाशी संबंध नसताना, उसाच्या तुऱ्यातले बी उगवून दाखवले. उसाच्या इतिहासात याहून मोठी घटना दुसरी नाही. बी मिळाले म्हणजे नर-मादी निवडता आले, आणि दोन वेगळ्या जातींचे गुण एका रोपात आणण्याची वाट उघडली.

जावातल्या पासुरुआन ऊस संशोधन केंद्रावर कोबस यांनी प्रथम हिंदुस्थानातला चुन्नी हा बारीक देशी ऊस वापरून संकर केले. त्यांना सेरेह होईना. पुढे बेटावरच्या डोंगरउतारावर कासूर नावाचा एक विचित्र ऊस मिळाला. शेतातल्या काळ्या चेरिबॉन उसाचा आणि रानातल्या ग्लागा गवताचा, म्हणजे तिथल्या सॅकरम स्पाँटेनियमचा, तो निसर्गाने केलेला संकर होता. त्याला सेरेह शिवत नव्हता. केंद्रातले येस्विट यांनी हा धागा धरला. रानटी अंश असलेला ऊस पुनःपुन्हा गोड उसाशी संकरित करायचा, दर पिढीत साखर वाढवत न्यायची आणि काटकपणा सुटू द्यायचा नाही, अशी त्यांची रीत होती. १९२१ मध्ये त्यांनी केलेल्या संकरातून पीओजे २८७८ हा वाण निघाला. दहा वर्षांच्या आत जावाचे जवळजवळ सारे ऊसक्षेत्र त्याने व्यापले आणि सेरेहची भीती संपली.

त्या काळी हिंदुस्थान जावाची पांढरी साखर जहाजे भरभरून विकत घेत होता. देशात ऊस होता, पण तो गुऱ्हाळापुरता. ही परवशता तोडण्यासाठी १९१२ मध्ये कोईमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले. बार्बर तिथले ऊसतज्ज्ञ आणि टी. एस. वेंकटरामन त्यांचे सहायक. कोईमतूरची निवड हवेमुळे झाली. उत्तरेत तुरा आला तरी थंडीने परागकण मरतात आणि बी भरत नाही. कोईमतूरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवसाची लांबी आणि उबदार हवा अशी जुळते की बऱ्याच जातींना तुराही येतो आणि बीही धरते. शिवाय गावाबाहेर रानटी ऊस, म्हणजे हेच कांस गवत, भरपूर उगवत होता.

बार्बर-वेंकटरामन जोडीने वेल्लै या गोड दक्षिणी उसाच्या तुऱ्यावर या स्थानिक रानटी उसाचा पराग टाकला. त्यातून निघालेला को २०५ हा वाण १९१८ मध्ये पंजाबसाठी देण्यात आला. तिथल्या कठा या देशी उसापेक्षा त्याचे उत्पन्न दीडपटीच्या आसपास होते. रानटी उसाला थेट बाप करून घेतलेला, शेतात यशस्वी झालेला हा पहिला वाण. त्याचे धाडस आज सहज लक्षात येत नाही. ज्या गवताला शेतकरी शत्रू मानून उपटत होता, त्याचे रक्त पिकात मुद्दाम घालायचे, आणि तेही साखर कमी होण्याचा धोका पत्करून, हा निर्णय त्या काळी सोपा नव्हता. पुढे वेंकटरामन यांनी गोड ऊस, उत्तरेचा देशी ऊस आणि रानटी ऊस अशा तिन्हींचे गुण एका रोपात आणले. को २८१, को २९०, को ३१२ ही नावे त्यातली. १९३२ च्या संरक्षक कायद्याने आयात साखरेवर जकात बसली, तीसच्या आसपास असलेले कारखाने चार-पाच वर्षांत शंभरावर गेले, आणि त्यांना पुरणारा ऊस कोईमतूरच्या वाणांनी दिला. कायद्याचे श्रेय इतिहासात नेहमी सांगितले जाते, वाणांचे क्वचितच.

संकर करणे हे किचकट काम आहे. तुऱ्यातले फूल डोळ्याला जेमतेम दिसते, पराग थोडा वेळच जिवंत राहतो, बी केसाळ आणि धुळीसारखे बारीक असते. हजारो रोपांतून काही शे, त्यातून काही डझन, असे चाळत एक वाण शेतकऱ्याच्या हाती पडायला बारा ते पंधरा वर्षे जातात.

यश का मिळते हे मात्र गुणसूत्रे मोजल्याशिवाय कळले नाही. गोड उसात ८० गुणसूत्रे असतात. रानटी उसात ठिकाणाप्रमाणे ४० पासून १२८ पर्यंत. संकरात आई-बापाने निम्मी निम्मी द्यावीत हा नियम. जावातले ब्रेमर यांनी १९२०च्या दशकात दाखवले की गोड उसाची आई हा नियम पाळत नाही: ती आपली सगळी ८० देते आणि रानटी बाप फक्त निम्मी. ६४ गुणसूत्रांचा बाप घेतला तर पोटी ११२ गुणसूत्रांचे रोप येते आणि त्यात गोडव्याचे पारडे पहिल्याच पिढीत जड असते. ही विलक्षण सवय उसात नसती, तर रानटी रक्त काढून टाकायलाच कित्येक पिढ्या गेल्या असत्या.

कोईमतूरला हे पेशीविज्ञान रुजवले ई. के. जानकी अम्मल यांनी. थलश्शेरीत १८९७ मध्ये जन्मलेल्या, मिशिगन विद्यापीठातून १९३१ मध्ये डॉक्टरेट घेतलेल्या या विदुषी १९३४ पासून १९३९ पर्यंत तिथे होत्या. देशाच्या वेगवेगळ्या भागांतील रानटी उसाची गुणसूत्रे त्यांनी मोजली आणि या जातीची विविधता कुठे किती आहे याचे चित्र उभे केले. उसाचा मक्याशी संकर त्यांनी घडवला. वेंकटरामन यांनी ज्वारीशी आणि बांबूशी घडवला. एक अविवाहित स्त्री, तीही मागास मानल्या गेलेल्या थिय्या समाजातली, म्हणून सहकाऱ्यांकडून त्यांना त्रास झाला. त्या इंग्लंडला गेल्या आणि १९४५ मध्ये तिथले शास्त्रज्ञ डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश प्रसिद्ध केला. कोईमतूरचे त्या दिवसांतले नुकसान मोजता येण्यासारखे नाही.

दख्खनमध्ये नीरा, प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांनी उसाला पाणी दिले होते, पण पुंड्या कारखानदारीला पुरा पडेना. आधी जावाचा ईके २८ आणि पीओजे २८७८ आले, मग १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून को ४१९. हा को ४१९ म्हणजे पीओजे २८७८ आणि को २९० यांचे अपत्य. जावाची आणि कोईमतूरची दोन्ही कुळे त्यात एकत्र आली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये सहकारी कारखाना उभा केला तेव्हा पुंड्याचे दिवस सरले होते. तो आता रसवंतीपुरता आणि संक्रांतीच्या सुगडापुरता कुठेकुठे दिसतो.

नीरेजवळ पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघाले होते. महाराष्ट्रात बी नीट धरत नसल्याने संकर कोईमतूरला करायचे, तिथले बी आणून पाडेगावला रोपे वाढवायची आणि काळ्या जमिनीत निवड करायची, अशी पद्धत पडली. त्यातून १९५०च्या दशकात को ७४० आला आणि तीसेक वर्षे राज्याच्या उसावर त्याने राज्य केले. आडसालीला चांगला, खोडव्याला चांगला, गुळालाही चांगला. पण काणी हा रोग त्याला सोसवेना. शेंड्यातून काळा चाबूक निघाला की बेट वाया गेलेच. लवकर पक्व होणारा आणि उताऱ्याला श्रेष्ठ असा कोसी ६७१ नंतर आला, त्याला लाल कुज लागली. याच कोसी ६७१ ला बाप धरून कोईमतूरला झालेला को ८६०३२, म्हणजे नीरा, १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून राज्याचा मुख्य वाण आहे. पाण्याचा ताण तो बऱ्यापैकी सोसतो. पाडेगावचा फुले २६५ हा २००७ चा वाण कालव्याच्या अतिपाण्याने खारावलेल्या, चोपण झालेल्या रानातही उभा राहतो. उशिरा पक्व होतो म्हणून काही कारखान्यांनी त्याची नोंद घ्यायला सुरुवातीला नकार दिला. शेतकऱ्यांनी मात्र तो सोडला नाही, आणि ते योग्यच केले.

या साऱ्या वाणांची वंशावळ मागे नेली तर ती थोड्याच गोड उसांपाशी आणि त्याहून थोड्या रानटी रोपांपाशी पोचते. हा पाया अरुंद आहे. म्हणूनच केरळमध्ये कण्णूरला, जिथे व्यापारी ऊस नाही आणि त्याचे मोठे रोगही नाहीत, कोईमतूरच्या संस्थेने उसाच्या जगभरातल्या जातींचा आणि रानटी नातेवाइकांचा जिवंत संग्रह ठेवला आहे. एरिअँथस हे उंच रानटी गवत त्यातलेच. त्याची ताण सोसण्याची जनुके वेगळी काढून को ८६०३२ मध्ये घालण्याचे प्रयोग कोईमतूरच्या प्रयोगशाळेत झाले आहेत. शंभर वर्षांपूर्वी परागाने जे केले, त्याचा नेमका तुकडा उचलण्याचा हा प्रयत्न आहे. इंडोनेशियाने २०१३ मध्ये जिवाणूचे जनुक घातलेला, दुष्काळ सोसणारा ऊस मान्य केला. ब्राझीलने २०१७ मध्ये खोडकिडीला दाद न देणारा. भारतात जनुकबदल केलेला ऊस अजून शेतात नाही.

उसाचा जीनोम वाचणे दीर्घकाळ अशक्य वाटत होते. प्रत्येक गुणसूत्राच्या आठ-दहा सारख्या प्रती, त्यांत दोन जातींची सरमिसळ, आणि एकूण आकार माणसाच्या जीनोमच्या सुमारे तिप्पट. रानटी उसाच्या एका रोपाचा जीनोम २०१८ मध्ये वाचून झाला. रीयुनियन बेटावरच्या आर ५७० या लागवडीच्या वाणाचा संपूर्ण जीनोम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तपकिरी तांबेऱ्याला रोखणारी त्यातली जागा आता नेमकी कळली आहे.

प्रयोगशाळा पुढे गेली तरी शेतात जुना धोका उरला आहे. उत्तर प्रदेशात २००९ च्या को ०२३८ या वाणाने उत्पन्न आणि साखर उतारा दोन्ही वाढवले, आणि तो राज्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक उसावर पसरला. एवढ्या क्षेत्रात एकच वाण लावणे ही चूक होती. को ७४० आणि कोसी ६७१ यांचा इतिहास समोर असताना ती झाली. काही वर्षांतच लाल कुजीने तो गाठला, आणि तिथले ऊस खाते आता शेतकऱ्यांना को ०११८ आणि कोएलके १४२०१ यांसारखे दुसरे वाण लावायला सांगत आहे.