बोलीचा वास आणि दुसऱ्याचा सांचो

प्राध्यापकीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा 'आणि'मधला 'ण' मी फार जपून उच्चारला होता. घरात आम्ही सारे 'पानी' म्हणत वाढलेले. आमच्या घराण्यात पदवी पाहणारा मीच पहिला. समितीतल्या एका गृहस्थांनी शेवटी विचारले, "कुठले तुम्ही?" मी जिल्हा सांगितला. "ते नव्हे," म्हणून ते हसले. माझा 'ण' चुकला नव्हता. तो नको तितका बरोबर आला होता, आणि तेवढे त्यांना पुरले.

बोलीचा वास घेऊन माणसाची जागा ठरवण्याची ही विद्या केवळ आपल्याकडची नाही. स्पेनच्या वाङ्मयेतिहासात तिचा एक नामांकित दाखला आहे, आणि दुसऱ्याच्या मनातून जन्मलेली पात्रे घेऊन लिहिण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्नही त्यातच गुंतलेला आहे.

सर्व्हांतेसच्या 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ साली आला. (आपण इंग्रजीच्या वळणाने 'क्विक्झोट' म्हणतो.) दुसरा भाग त्याच्या हातून पुरा होण्याआधीच, १६१४ साली, तारागोना हे छपाईचे ठिकाण दाखवून भलत्यानेच लिहिलेला दुसरा भाग बाजारात आला. लेखकाचे नाव आलोन्सो फेर्नान्देस दे आवेयानेदा, राहणार तोर्देसियास, म्हणजे कास्तीलचा. नाव खोटे होते. प्रस्तावनेत त्याने सर्व्हांतेसच्या म्हातारपणाची आणि लेपान्तोच्या लढाईत (१५७१) निकामी झालेल्या डाव्या हाताची टिंगल केली होती.

सर्व्हांतेसने उत्तर दिले ते कादंबरीतच. १६१५ साली आलेल्या त्याच्या खऱ्या दुसऱ्या भागातील एकोणसाठाव्या प्रकरणात एका खाणावळीत किहोतेच्या हाती तेच खोटे पुस्तक पडते. तो ते चाळतो आणि सांगतो की याची भाषा आरागॉनची आहे, कारण हा मधूनमधून उपपदे गाळतो. शिवाय सांचोच्या बायकोचे नावही याने चुकवले आहे. गंमत अशी की जे नाव चूक म्हणून दाखवले, ते पहिल्या भागात खुद्द सर्व्हांतेसनेच एकदा वापरले होते. उपपदे गाळणे ही काही आरागॉनचीच खूण नव्हे, असेही पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. म्हणजे पकडणाऱ्याचा कान खात्रीचा आणि पुरावा मात्र कच्चा. आवेयानेदा खरा कोण, हे चारशे वर्षांनंतरही निर्विवाद ठरलेले नाही.

दुसऱ्याची कथा पुढे नेणे हा त्या काळी गुन्हा नव्हता. 'आमादिस'च्या कथेला अनेकांनी शेपटे जोडली होती. आणि सर्व्हांतेसने पहिला भाग संपवताना आरिओस्तोची एक ओळ देऊन, दुसरा कुणी हे अधिक चांगले गाईल असे सुचवून, दार स्वतःच उघडे ठेवले होते. मग मर्यादा कुठे ओलांडली गेली? माझ्या मते ती सांचोपाशी. आवेयानेदाचा सांचो खादाड, दारुडा, नुसता हसण्यासाठी ठेवलेला गावंढळ. शेवटी तो त्याला माद्रिदमध्ये एका सरदाराच्या पदरी विदूषक म्हणून सोडून देतो. सर्व्हांतेसचा सांचोही खातो, म्हणी चुकवतो. पण लोक थट्टा म्हणून त्याला बारातारियाचा सुभेदार करतात तेव्हा तो असा न्याय देतो की थट्टा करणारेच गप्प होतात. शेतकऱ्याची बोली दोघांनीही उचलली. त्या बोलीत माणूस विचार करतो, हे एकालाच दिसले. आपल्या रंगभूमीवरचे गडी आणि मोलकरणी आठवून पाहाव्यात.

जोतीरावांनी 'गुलामगिरी'त (१८७३) दशावतारांच्या कथा घेतल्या त्या दुसऱ्यांच्याच होत्या. त्यांनी त्या बळीच्या बाजूने सांगितल्या. घेतलेली कथा मालकाची चाकरी करते की कथेत तुडवल्या गेलेल्याची, हे पाहिल्यावाचून चोरी आणि हक्क वेगळे करता येणार नाहीत असे मला वाटते.

याच दुसऱ्या भागात एके ठिकाणी किहोते सांचोच्या शब्दांना टोकतो. सांचो सुनावतो की मी दरबारात वाढलो नाही, सालामान्कात शिकलो नाही; सायागोच्या माणसाने तोलेदोकरासारखे बोलावे हा आग्रह कशाला? सायागो हा आडबाजूचा मुलूख, नाटकवाल्यांनी हास्यासाठी वापरून झिजवलेला. यावर सोबतचा एक शिकलेला तरुण म्हणतो की तोलेदोतसुद्धा जे कातडी कमावण्याच्या वस्तीत आणि बाजारचौकात वाढले, त्यांची भाषा चर्चच्या ओवरीत दिवसभर फिरणाऱ्यांसारखी कशी असेल? हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. गाव एकच, भाषा एकच. पण कातड्याचा वास उच्चारालाही येतो म्हणे! तो तरुण पुढे उदारपणे जोडतो की शहाण्यांची भाषा हीच शुद्ध, मग ते कुठल्याही खेड्यात का जन्मेनात. शाळेत आम्हालाही हेच सांगितले जाई.

त्या शहाण्या भाषेने किती वाचवले? १६०९ ते १६१४ या काळात स्पेनने सुमारे तीन लाख मोरिस्कोंना, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, हाकलून दिले. त्यांतला रिकोते हा सांचोचा शेजारी, गावचा दुकानदार. चौपन्नाव्या प्रकरणात तो जर्मन यात्रेकरूंच्या वेषात चोरून परत येतो. लेखक मुद्दाम नोंदवतो की तो कुठेही न अडखळता निव्वळ कास्तिलियन बोलतो. त्याच्या तोंडी राजाज्ञेची स्तुतीही घातली आहे. भीतीने की मनापासून, हे पंडितांनी ठरवावे. सांचो त्याला ओळखतो तो बोलीवरून नव्हे, चेहरा न्याहाळून. मग त्याला मिठी मारतो, गवतावर त्याच्याशेजारी बसून जेवतो, एकाच बुधल्याची दारू पितो. पुरलेले धन काढायला तो मदत करत नाही. पण कुणाला सांगणारही नाही, असे म्हणून गाढवावर बसतो आणि आपल्या वाटेने जातो.